सुमनताईंचं स्टूल

आमच्या इमारतीखाली सुमनताई इस्त्री करतात. काल दुपारी कपडे आणायला गेले, तर माझी नऊ वर्षांची रेवा त्यांच्या स्टुलावर बसून कपड्यांवर पाणी शिंपडत होती. अर्धा तास झाला होता म्हणे. घरी पाच मिनिटं एका जागी न टिकणारी माझी मुलगी! एडीएचडीचं निदान झाल्यापासून मी तिच्यासाठी भिंतभर वेळापत्रकं लावली, शांत व्हायला श्वास मोजायला शिकवलं.

"उद्या गणिताचा पेपर आहे. पोटात गोळा येतोय," ती त्यांना सांगत होती. सकाळी मी काय होतंय विचारलं, तर मला म्हणाली होती, "काही नाही."

"येऊ दे की. तो शर्ट दे इकडं," सुमनताई मान वर न करता म्हणाल्या. रेवा हसली.

मी जिन्यापाशी उभी राहून चक्क जळत होते. त्या बाईवर, तिच्या इस्त्रीवर, त्या शर्टावरसुद्धा; आणि तो आमच्याच घरचा होता. कुणी टक लावून बघत नसलं, की मन किती सहज मोकळं होतं!

संध्याकाळी मी रेवापुढे धुतलेले मोजे ओतले आणि जोड्या लावत बसले. अभ्यासाचं काही विचारलं नाही. ती थोडा वेळ बघत राहिली. मग घाबरून म्हणाली, "आई, तुला बरं नाहीये का?"