मामाजींचं समाजकार्य

माझे सासरे शिवलाल बोपचे यांना आसपासच्या गावांत समाजसेवक म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्यांची सून आहे, त्यांच्याच घरात राहते, रोज त्यांचं ताट वाढते, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांना मामाजी म्हणते, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं कोणी म्हणायचं की नीतूनं गोड बोलून केसानं गळा कापला.

आमचं गाव नागऱ्याजवळ. मामाजींची उभी हयात गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मुनीमगिरी करण्यात गेली. मिलमध्ये कम्प्युटर आला तेव्हा बाकीचे म्हातारे मुनीम घाबरून घरी बसले, मामाजी मात्र एका बोटानं टाइप करायला शिकले. एवढं श्रेय मी त्यांना देते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशानं कम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर आणून ओसरीत मांडले आणि पोवार समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवायला लागले. तेही फुकट. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस काही माणसांना जन्मजात असते. पण या भाकऱ्यांना पीठ लागायचं ते दुसऱ्यांच्या घरचं.

आमच्यात सोयरीक म्हटली की पहिला प्रश्न कुळाचा. बापाचं आडनाव काय, आईच्या माहेरचं काय, मामा कुठल्या गावचा. दोन्हीकडं एकच कुळ निघालं तर चहा पिऊन पाहुणे उठतात. मामाजींना हे सगळं तोंडपाठ. कोणाची आई टेंभरे, कोणाची चौहान, कोणाची हरिणखेडे, हे ते वाटेत सायकल थांबवून सांगतात. त्यांच्या कम्प्युटरमध्ये प्रत्येक पोरीचा बायोडाटा: फोटो, उंची, जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं कुळ, पगार, बापाचा मोबाईल आणि पोरीचाही मोबाईल. कोणीही फोन करावा, ‘भाऊजी, नर्सबाई पाहिजे’ म्हणावं, की पाच-दहा पोरी त्याच्या व्हॉट्सअॅपवर जाऊन पडायच्या. मागणारा कोण, त्याचं लग्न झालेलं आहे की नाही, हेही विचारायची पद्धत नव्हती.

गावातल्या दुलीचंद पारधींच्या मुलीला अशाच एका अनोळखी माणसाचे फोन सुरू झाले. दारू पिऊन बोलायचा. दुलीचंदभाऊ हात जोडून सांगायला आले, की आमच्या पोरीचा नंबर तेवढा काढून टाका.

‘‘फोन उचलाचा नाही,’’ मामाजी म्हणाले. ‘‘त्याच्यात का आहे?’’

त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले. मी गोंदियात बी.कॉम. केलंय, मला या गोष्टी थोड्याफार कळतात. म्हटलं, मामाजी, कम्प्युटरला पासवर्ड घाला आणि लोकांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय पाठवू नका. त्यांनी पासवर्ड घातला. मग तो चिठ्ठीवर लिहून चिकटपट्टीनं स्क्रीनच्या खालीच डकवला. मी चिठ्ठी काढली तर रागावले.

‘‘घरच्या घरात कुलूप कायले लावून राहिली? आपन का चोर आहो?’’

माझा नवरा धनेंद्र तिथंच बसून नखं कापत होता. तो कापतच राहिला.

आता राजूची गोष्ट. राजकुमारी माझी धाकटी बहीण. माहेर आमचं बिरसीला. राजू नर्सिंग शिकली, गोंदियात एका खासगी दवाखान्यात लागली, आणि तेवढ्यात आमच्या बाबांनी तिचा बायोडाटा मामाजींच्या हवाली केला. व्याह्यांनी मागितला, नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. राजूला कळलं तेव्हा तिचा फोटो कोहमाऱ्यापर्यंत पोचला होता. तिथल्या एका ट्रकवाल्या घराला ती पसंत पडली. मुलगा खुमेंद्र, चार ट्रक, रस्त्यावर ढाबा. त्यांची एकच अट होती: पोरीला सरकारी नोकरी लागावी आणि ती गोंदिया जिल्ह्यातच असावी.

राजूनं नाही म्हटलं. तोंडावर, स्पष्ट. मामाजी हसले, म्हणाले, पोरी अशाच म्हणतात.

मग सरकारी नर्सांची भरती निघाली. राजू परीक्षा पास झाली. आता फक्त जिल्ह्यांचा पसंतीक्रम भरायचा होता. तिनं रायगड पहिला भरला. मी विचारलं, एवढ्या लांब का गं? ती म्हणाली, ‘‘ताई, मले अशा गावात राहाचं आहे जेथं कोनी मले कुळ नाही इचारन.’’

तो पसंतीक्रम तिनं आमच्याच ओसरीत बसून भरला, कारण तिला प्रिंट हवी होती. पासवर्ड मीच तिला लांबलचक, आकडे-चिन्हं घालून करून दिला होता. कम्प्युटरमध्ये तो साठवलेला राहू नये म्हणून शेवटी सगळं पुसलं. प्रिंट घेऊन ती बिरसीला गेली आणि निर्धास्त झाली. मीही झाले.

नेमणुकांची यादी लागली. राजूच्या नावापुढं गोंदिया.

ती रडली नाही. प्रिंट हातात धरून एकच म्हणत राहिली, की साइटची चूक आहे. मीही तेच म्हणत होते. मार्क तिला रायगडला पुरतील एवढे होते, आणि तिच्याहून कमी मार्क असलेली एक मुलगी रायगडला लागली होती.

दोन-चार दिवसांतच कोहमाऱ्याची माणसं आमच्या घरी आली. राजूला बोलावून घेतलं होतं, कशासाठी ते न सांगता. मी पोहे दिले. खुमेंद्रचे वडील खुशीत होते, त्यांची अट पूर्ण झाली होती. ते म्हणाले, देवाची करणी बघा. आणि मामाजींना राहवलं नाही.

‘‘देवाची का? माझी,’’ ते म्हणाले. ‘‘पोरगी त रायगडले जाऊन राहिली होती. मीच जिल्हा बदलून देलो.’’

‘‘पन पासवर्ड?’’ पाहुण्यांनी विचारलं.

‘‘पासवर्ड कोनाले पाहिजे? विसरलो म्हनून दाबा. मंग ते दोनच गोष्टी इचारते. जन्मतारीख, अना मायच्या माहेरचं आडनाव. आता बापाजी, हे त मले झोपीतून उठवलं तरी सांगन. हिची माय पटले घरची.’’

सगळे हसले. खुमेंद्रचे वडील तर मांडीवर थाप मारून हसले. राजूच्या हातात पाण्याचा ट्रे होता, तो तिनं खाली ठेवला आणि सरळ चालत बाहेर गेली.

मला काय वाटलं ते लिहिते. मला मामाजींच्या तोंडावर पोह्यांची परात फेकावीशी वाटली. जगातल्या कुठल्या तरी शहाण्यानं आईचं माहेरचं आडनाव ही गुप्त गोष्ट ठरवली. त्याच्या गावात असेल गुप्त. आमच्यात ते लग्नाच्या बाजारात पहिल्या ओळीत छापतात. मी आकडे आणि चिन्हं घालून दार मजबूत केलं होतं आणि किल्ली सगळ्या समाजात वाटलेली होती. पण खरा संताप त्याचाही नव्हता. चोर निदान लपतो तरी. हा माणूस पाहुण्यांसमोर बसून चोरी सांगत होता आणि शाबासकी घेत होता.

पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, ‘‘मामाजी, तुम्ही चोरी केली.’’

‘‘चोरलो का मी? पोरगी माय-बापाजवर राहिली. उद्या मह्या पाया पडन ते.’’

राजूनं भरतीच्या कार्यालयात अर्ज केला. तिथून उत्तर आलं: बदल तुमच्याच लॉगिननं झाला आहे, म्हणजे तो तुम्हीच केला असं धरलं जाईल. दुसऱ्या कोणी केला असेल तर त्या व्यक्तीचा लेखी जबाब जोडा किंवा पोलिसांत तक्रार नोंदवा. पुढच्या फेरीच्या आत.

म्हणजे एका कागदाचं काम होतं. जे चार माणसांत पोहे खात सांगितलं तेच लिहून खाली सही करायची. राजू स्वतः आली, मामाजींच्या समोर बसली. आवाज न चढवता म्हणाली, ‘‘एवढं लिहून द्या. मी पोलिसात नाही जात.’’

मामाजींनी चष्मा काढून पुसला.

‘‘बोलनं अलग, लिहून देनं अलग. मी जिंदगीभर मुनीमगिरी केलो, पन उगाच कोठी सही नाही केलो. माझ्या नावाचा कागद कोनाकोनाच्या हाती जाईन, त्याचा कोन का करन, का भरोसा? आपली सही अशी कोनाले देत नाहीत बाई.’’

मी हसले. रागानंसुद्धा हसू येतं, ते त्या दिवशी कळलं. गावोगावच्या पोरींचे फोटो, जन्मवेळा, मोबाईल नंबर वाऱ्यावर उधळणारा माणूस आपली सही मुठीत घट्ट धरून बसला होता. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. आपली गोष्ट आपल्या हातातून गेली की काय होतं, ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. अडाणीपणा समजून मी इतकी वर्षं थोडंफार पोटात घालत आले होते. त्यानंतर नाही घातलं.

तक्रार राजूची आणि साक्ष माझी. धनेंद्र म्हणाला, ‘‘बाबा आहेत ते माझे. घरात भांडन होईन.’’

‘‘भांडण आहेच,’’ मी म्हटलं. ‘‘तू फक्त त्यात नाहीस.’’

गोंदियाला जाऊन मी माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव सांगितलं. लिहून घेणाऱ्या पोलिसानं मान वर करून मला दोनदा विचारलं, तुम्ही सून ना? मी दोनदा हो म्हटलं आणि जबाबाखाली सही केली.

आठवड्यानं दोन पोलीस आले. ओसरीतल्या कम्प्युटरच्या वायरी काढल्या आणि डबा पोत्यात घालायला लागले. बाहेर गाव जमलं. दुलीचंदभाऊही होते, पाठीमागं हात बांधून उभे. मामाजी आधी तोऱ्यात होते, हे समाजाचं काम आहे, मी एक पैसा घेत नाही, वगैरे. पण पोत्याचं तोंड बांधायला लागले तसा त्यांचा चेहरा उतरला.

‘‘साहेब, थांबा ना जरा,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्यात आमचं घरचं आहे. खासगी आहे.’’

‘‘काय आहे खासगी?’’

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं, मग धनेंद्रकडं, मग खाली. पोलिसानं गाठ मारली. दुलीचंदभाऊ मोठ्यानं म्हणाले, ‘‘फोन उचलाचा नाही भाऊजी. त्याच्यात का आहे?’’ गाव हसलं. मलाही हसू आलं, लपवलं नाही.

त्याच दुपारी मामाजी स्वतः बस पकडून गोंदियाला गेले आणि सगळा जबाब लिहून सही करून आले. डबा न उघडता परत द्या, असं विनवत होते म्हणे. जबाबाची नक्कल राजूच्या अर्जाला लागली. पुढच्या फेरीत तिला रायगड मिळालं. गाडीत बसवायला मी गोंदिया स्टेशनवर गेले होते. जिथं चाललीस तिथला पत्ता दे म्हटलं, तर म्हणाली, ‘‘फक्त तुले देते. बाबालेही नाही.’’ तिच्या बोलण्यात कडूपणा होता. तो जावा असं मला वाटलंही नाही.

कोहमाऱ्याची सोयरीक मोडली. मामाजी माझ्याशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की भिंतीकडं बघून जेवायचे. मला चालत होतं.

कम्प्युटर बऱ्याच दिवसांनी परत आला. वायरी जोडायला त्यांना मीच लागले. जोडून झाल्यावर मी उठत होते तर ते पहिल्यांदा बोलले.

‘‘पासवर्ड टाकून देजो. असा, का कोनालेच खुलला नाही पाहिजे. घरच्यालेही नाही.’’

मी जागा दाखवली. म्हटलं, ‘‘इथं तुमचा तुम्ही टाका. मला सांगू नका, कुठं लिहू नका.’’ आणि पाठ करून उभी राहिले.

मामाजींना मिलमधली सवय. एका बोटानं टाइप करतात आणि प्रत्येक अक्षर तोंडानं मोठ्यानं म्हणतात. पहिलं अक्षर म्हणाले, दुसरं म्हणाले. त्या डब्यात काय दडलंय की ज्यापायी या माणसानं सही दिली, हे मला कळायला आणखी चार-सहा अक्षरं पुरली असती. खोटं कशाला बोलू, ऐकावंसं वाटलं.

मी अंगणात निघून गेले आणि नळ सोडून भांडी घासायला बसले.

राजूला फोनवर हे सांगितलं तर ती चिडली. ‘‘ऐकून घ्याचं होतं ना ताई. त्यानं ऐकलं असतं.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं, ‘‘त्यांनी ऐकलं असतं.’’