दम

नल्लकुंट्याच्या आमच्या बागेत सकाळी सगळे डॉक्टरच फिरतात. फक्त त्यांतलं कुणी डॉक्टरकी शिकलेलं नाही. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी, पण माझं तिथे कोण ऐकतो!

एक पोरगी रोज खोकत, बाकाबाकाला टेकत फेरी मारायची आणि मधेच चिमूटभर मीठ जिभेवर टाकायची. एकदा बीपीवाल्या काकांनी तिला घेरलं.

"मीठ नक्को, बेटा! नसा कडक होतात. आणि एवढी धाप लागते तर घरी पडून राहावं."

"काका, मला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे. माझं मीठ घामातून जातं. फुप्फुसं चिकट कफाने अडलेली, रक्तवाहिन्याही हव्या तेवढ्या सैल होत नाहीत. डॉक्टर म्हणाले, चालणं सोडलंस तर आहे तो दमही जाईल."

"असा आजार आपल्या लोकांत नसतो," काकांनी निकाल दिला आणि मिरची भज्यांच्या गाडीकडे वळले.

पुढे एका सकाळी तिने कुठेही न टेकता फेरी पूर्ण केली. मी टाळ्या वाजवल्या. काका बाकावरूनच ओरडले, "बघितलं? आम्ही सांगतच होतो, चालत राहा!"

उत्तर देण्याइतका दम तिच्याजवळ होता. तिने तो दुसऱ्या फेरीला वापरला.