मोटर फोन उचलत नाही

"मॅडम, नेट तं पाह्यजेच. पन पह्यले हे सांगा, तिथून माही मोटर चालू होईन का?"

काउंटरपलीकडचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिएतनामला निघणार होता. नाव गजानन. रिद्धपूरच्या अलीकडे रोडला लागून त्याची रोपवाटिका आहे. मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू यांची रोपं ट्रेमध्ये तयार करून तो शेतकऱ्यांना विकतो. बियाण्याच्या एका कंपनीनं रोपवाटिकावाल्यांची अभ्याससहल काढली होती. ऐनवेळी एक जण गळला आणि याचा नंबर लागला. व्हिसा त्याच सकाळी ईमेलवर आला होता. बॅग भरायची बाकी होती. त्या धावपळीत तो अमरावतीला आमच्या स्टोअरमध्ये आला होता.

मी या मोबाइल कंपनीच्या स्टोअरची मॅनेजर. अकरा वर्षं झाली. परदेशी जाणारे लोक आमच्याकडे नेहमी शेवटच्या दिवशीच येतात. लोणचं, चिवडा, गोळ्या-औषधं महिनाभर आधी बांधून तयार असतात. फोन मात्र विमानतळाच्या वाटेवर आठवतो. त्यामुळे घाईचं मला काही वाटलं नाही. मोटरीचं वाटलं.

"मोटर म्हणजे?"

त्यानं समजावलं. विहिरीवरच्या मोटरीला त्यानं मोबाइल स्टार्टर बसवला होता. म्हणजे स्टार्टरच्या पेटीत एक छोटा डबा, त्यात एक सिमकार्ड. आपण त्या नंबरवर फोन लावायचा. डबा फोन उचलतो. एक दाबलं की मोटर चालू, दोन दाबलं की बंद. डब्याला ठरावीक नंबरच माहीत असतात. दुसऱ्या कोणाचाही फोन तो घेत नाही, नाहीतर गावातलं कोणीही मोटर चालू करत बसेल.

"म्हणजे तुमचा हाच नंबर तिकडे चालू राहिला पाहिजे," मी म्हटलं. "मग तिथलं सिम घेऊ नका. याच नंबरवर रोमिंग घ्या. सात दिवसांचा पॅक, त्यात नेटही आणि कॉलही."

सगळं दहा मिनिटांत झालं. रोमिंग चालू केलं, फोनमधलं सेटिंग केलं, तिथे उतरल्यावर नेटवर्क कसं निवडायचं ते कागदावर लिहून दिलं. त्यानं काउंटरवरूनच मोटरीला फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, 'मोटर चालू झाली आहे.' आम्ही दोघंही हसलो.

"तिथूनबी असंच होईन?"

"होईल की."

हे दोन शब्द मी का बोलले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. गिऱ्हाईक खूश होतं, पॅक विकला गेला होता, टेस्ट पास झाली होती. पण ती टेस्ट अमरावतीत झाली होती. रोमिंगची टेस्ट घरी बसून होत नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला. नेट उत्तम चालू होतं. त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता आणि तो उतरलेला होता.

"मॅडम, मोटर फोन नाई उचलून राहिली."

"रिंग जाते का?"

"जाते अन् कट होते. आठ वाजल्यापासून लावून राहिलो मी."

मला लगेच कळलं. परदेशातून लावलेला फोन सरळ इथे येत नाही. तिथली कंपनी, मधल्या एक-दोन कंपन्या, मग आपली, असा तो हातोहात येतो. वाटेत कधी कधी फोन करणाऱ्याचा नंबर गळून पडतो. इकडे भलताच नंबर दिसतो किंवा नुसतं 'अननोन' दिसतं. माणूस असेल तर उत्सुकतेनं तरी उचलेल. डबा ओळख पटल्याशिवाय उचलत नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"मेसेजनं चालू होते का ती?"

"नाई. जुनं मॉडेल हाय. फोनच लागते."

मे महिना होता. अमरावतीत त्या आठवड्यात अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. ट्रेमधल्या रोपाला अंगठ्याएवढ्या खळग्यात नारळाच्या भुशाची चिमूट मिळते. त्याला दर दोन तासांनी फॉगरचं, म्हणजे धुक्यासारखं बारीक उडणारं पाणी लागतं. एक दुपार चुकली तर रोप मान टाकतं आणि मग उठत नाही. शेडनेटमध्ये, त्या जाळीच्या मांडवात, पंधरा गावांच्या शेतकऱ्यांनी सांगून ठेवलेली मिरचीची रोपं होती. ती गेली तर पेरणीच्या तोंडावर त्या सगळ्यांना दुसरीकडे कुठे रोपं मिळणार नव्हती. गजाननकडे पुढच्या वर्षी कोण येणार होतं?

"शेतात कोण आहे?"

"आई. बायको बाळंतपनाले माहेरी गेली."

"मग आईंना सांगा ना. पेटीतलं बटण दाबतील."

तो म्हणाला, "पेटीले कुलूप हाय. चाबी माह्या बॅगीत, इथं."

दोन वर्षांपूर्वी ओल्या हातानं स्टार्टर दाबताना त्याच्या आईला जबरदस्त शॉक बसला होता. आठवडाभर दवाखान्यात होत्या. तेव्हापासून पेटीला कुलूप आणि मोटर त्याच्या फोनवर.

"सकाळपासून आई फोन नाई उचलून राहिली, मॅडम. तिनं कुलूप तोडलं असन तं? अंदर हात घातला असन तं?"

आता त्याला रोपांचं काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी कंपनीत तक्रार नोंदवली आणि अकोल्याला आमच्या एरिया मॅनेजरना फोन लावला.

"सर, रोमिंगमधून कस्टमरचा नंबर पुढे जात नाहीये."

"तक्रारीचं तिकीट टाका."

"टाकलं. अठ्ठेचाळीस तास म्हणतात."

"मग थांबा."

"रोपं थांबत नाहीत, सर."

"त्यांचं नेट चालू आहे? कॉल लागतो? मग आपला भाग झाला. मोटर आपलं प्रॉडक्ट नाही."

"मी त्यांना चालेल म्हणून सांगितलं होतं."

"कोणी सांगायला लावलं होतं?"

"कोणी नाही."

ते म्हणाले, "स्टार्टर कुठून घेतला होता?"

"अकोल्याहूनच घेतला म्हणाले."

"दुकानाचं नाव पाठवा. जेवायला निघालोच होतो, वाटेत बघतो."

आमचे साहेब फोनवर असे आहेत. फोन ठेवल्यावर चांगले आहेत.

गजाननकडून नंबर घेऊन त्याच्या आईचा फोन मीही चार वेळा लावून पाहिला. नुसती रिंग. शेवटी काउंटर सहकाऱ्याकडे दिलं, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि स्कूटीवर मोर्शी रोडला लागले. भर उन्हात एका पॅकसाठी चाळीस किलोमीटर जाणं हे मॅनेजरचं काम नव्हतं. मला भीती वाटत होती, एवढं खरं.

पेटी रस्त्यावरूनच दिसली. कुलूप जागेवर होतं. माझा जीव भांड्यात पडला.

गजाननची आई, वच्छलाबाई, शेडनेटमध्ये होत्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात झारी. दोन मजूर बाया टाक्यातून बादल्या आणून देत होत्या. पश्चिमेकडच्या ट्रेवर ओली गोणपाटं अंथरली होती. मी कोण, ते सांगितलं.

"मोबाइलवाली का? ये. झारी घे एक."

मी घेतली. दुसरं काय करणार होते?

"मावशी, फोन का उचलत नाही? गजाननभाऊ तिकडे घाबरून गेलेत."

"फोन घरात हाय बाजीवर. दोन हात हायेत मले. रोपाले पानी देऊ का फोन उचलू?"

"त्यांना वाटलं, तुम्ही कुलूप तोडलं."

त्यांनी झारी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"दगड घेतला व्हता हाती. एका ठोक्याचं काम व्हतं. पन म्हनलं, त्यानं भेवून लावेल हाय ते. मी दवाखान्यात व्हती तं पोरगं आठ दिवस जेवलं नाई धड. मी तोडलं अस्तं तं तो तिथून निंघून आला अस्ता." मग त्या म्हणाल्या, "पन पोरी, तीस वर्सं मीच दाबली ना ते मोटर. एक डाव शॉक बसला तं हात कापून ठेवाव का मानसाचे?"

मला एकदम वाईट वाटलं. मुलगा काळजी करत होता, यात खोट नव्हती. पण ही रोपवाटिका या बाईनं उभी केली होती. डोक्यावर टोपलं घेऊन बाजारात मिरचीची रोपं विकायला तिनं सुरुवात केली होती. आणि आता तिच्याच विहिरीची मोटर तिचं ऐकत नव्हती.

एक वाजता साहेबांचा फोन आला. दुकानदाराला काही आठवत नव्हतं, पण स्टार्टर बसवणारा मेकॅनिक सापडला होता. तो आता कूलर दुरुस्त करतो. साहेबांनी फोन त्याच्या हातात दिला.

"मॅडम, काई टेन्शन नाई," तो म्हणाला. "मी बसवतो तवा मुख्य नंबर, ज्याच्यावरून दुसरे नंबर टाकता येते तो, माहाच ठेवतो. कस्टमर नंबर बदलवते अन् मंग रडत येते. नवीन कोनाचा टाकू?"

मी वच्छलाबाईंकडे पाहिलं. "मावशी, तुमचा नंबर टाकू?"

"माहा?" त्या म्हणाल्या. "टाक."

मेकॅनिकनं अकोल्यातून डब्याला फोन लावला. त्याचा नंबर डब्याला माहीत होता. पाच मिनिटांत वच्छलाबाईंचा नंबर आत गेला. मी घरातून त्यांचा बटणांचा फोन आणला आणि डब्याचा नंबर लावून दिला. फोन लागेना. मी बॅलन्स पाहिला. आऊटगोइंग कधीचं संपलं होतं. मुलगा फोन करायचा आणि आई उचलायची, तेवढ्यासाठीच तो फोन ठेवलेला होता. आऊटगोइंगची गरज आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं, बहुतेक त्यांनाही नाही. मी माझ्या फोनवरून तिथेच रिचार्ज मारलं.

या वेळी डब्यानं फोन उचलला. वच्छलाबाईंनी एक दाबलं. विहिरीकडून घरघर आली, पाइप थरथरला आणि शेडनेटभर धुकं उतरलं. दोघी मजूर बाया तिथेच मटकन खाली बसल्या. वच्छलाबाईंनी दोन दाबून मोटर बंद केली. पुन्हा एक दाबलं. परत बंद केली.

"मावशी, जळेल ना मोटर!"

"पाहून राहिली ना मी, ऐकते का नाई ते."

मग गजाननला व्हिडिओ कॉल लावला. तो बसमध्ये होता. त्याला धुकं दिसलं, आई दिसली. डोळे पुसून त्यानं पहिलं विचारलं ते कुलपाचंच.

"तुह्यं कुलूप जागच्या जागी हाय," आई म्हणाली. "मले सांग, त्या डब्यात माहा नंबर काहून नाई टाकला तू? फोनले तं शॉक नाई लागत."

त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"आई, मले सुचलंच नाई," तो म्हणाला.

पश्चिमेकडचे तीसेक ट्रे गेले. बाकीची रोपं जगली आणि वेळेवर शेतात गेली. कंपनीनं माझ्या तिकिटाला चौथ्या दिवशी उत्तर दिलं: समस्या आढळली नाही.

परत आल्यावर गजानन रोमिंग बंद करायला आला. तिकडून आणलेलं कॉफीचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. मी मोटरीचं विचारलं.

"आईच्याच फोनवर ठेवली," तो म्हणाला. "माहा नंबरबी हाय, पन मी लावत नाई. तिले आवडत नाई मधात मधात केलेलं."

आता रोमिंग मागायला कोणी आलं की मी पॅक दाखवण्याआधी एक प्रश्न विचारते: तुम्ही गेल्यावर तुमच्या नंबरावाचून मागे काय अडेल, आणि ते दुसऱ्या कोणाला करता येतं का? बहुतेक जण गडबडतात. काही जण बाहेर जाऊन घरी फोन लावतात. आमच्या साहेबांच्या मते यात प्रत्येक कस्टमरमागे दहा मिनिटं वाया जातात.

जातात, हे खरं. पण जिला ती मोटर तीस वर्षं चालवता येत होती, तिच्या हाती ती द्यायला आम्हाला व्हिएतनामहून फोन यावा लागला. नेट कुठूनही मिळतं. घरातला दुसरा नंबर मात्र निघण्याआधी टाकावा लागतो.