लाल दिसलं की लाथ

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. हसालच, ते मला माहीत आहे, पण कबूल तर करा. चहा घ्या हातात, आणि थंड झाला तर मला बोल लावू नका.

मी माझ्या सासऱ्यांना लाथ मारली आहे.

बघा, हसलात. अहो, भांडणात नाही. भर मंगल कार्यालयात, शे-दीडशे माणसांसमोर, बरोब्बर पोटात. आणि त्या वेळी त्यांच्या डोक्यावर सत्काराचा फेटा होता. तो फेटाही मीच दुकानात जाऊन पसंत केलेला.

पहिल्यापासून सांगते. माझ्या चष्म्याचा नंबर मायनस साडेआठ, दोन्ही डोळ्यांचा. चष्मा काढला की मला माणसं दिसत नाहीत, नुसते रंग दिसतात. हिरवं म्हणजे झाड, नाहीतर शेजारच्या शिंदेकाकू. एकदा कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाहिल्या. त्यातली एक आमटीत पडली. कुणाच्या ताटात गेली ते आमच्या घरात अजून कुणी कबूल केलेलं नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. साडेचारला सुटून स्कूटीवरून घरी आले की सुरू. आई, माझी वही कुठंय? अगं, गाडीची किल्ली कुठंय? सूनबाई, माझी तंबाखूची पिशवी कुठं ठिवलीस? ज्या बाईला दोन हातांवरचा माणूस ओळखू येत नाही, तिला अख्खं घर आपापल्या वस्तू कुठं आहेत ते विचारतं. आणि मला त्या सापडतात, हे आणखी वर.

अशात मी चाळिशी उलटल्यावर कराटे शिकायला लागले. क्लास खरं तर लेकीनं लावला होता. ती चार महिन्यांत कंटाळली आणि तिचा नवाकोरा पांढरा ड्रेस कपाटात पडून राहिला. एक दिवस सहज अंगात घालून बघितला, तर बसला की हो मला. मग म्हटलं, बसलाच आहे तर जाऊन येते.

आमचे चौगुले सर जैन आहेत. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून क्लासच्या आधी स्वतः फरशी झाडतात, आणि मग समोरच्याच्या नाकावर ठोसा कसा हाणायचा ते आम्हाला शिकवतात. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण असतं, म्हणून क्लास पाच ते सहा. सहाच्या ठोक्याला सर गायब.

तो एक तास माझा होता. खरं सांगते, अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा असा तास मिळाला होता, की जिथं कुणी मला काही कुठंय म्हणून विचारत नव्हतं. त्या तासासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. आणि केलंच, म्हणून तर हा किस्सा.

क्लासमध्ये मी चष्मा परकराच्या नाडीनं डोक्यामागं करकचून बांधायचे. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "नंबर किती, ताई?"

"असेल दोन-अडीच," मी म्हणाले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं, असं मला वाटलं.

अडचण होती ती आबांची. आबा म्हणजे माझे सासरे, गाव उंब्रज, मिलिटरीतनं सुभेदार होऊन रिटायर झालेले. ऊस तुटून कारखान्याला गेला की शेतात काम नसतं, तेव्हा ते तीन-चार महिने आमच्याकडं कुपवाडला येतात. आले आणि दाराआड लटकलेला ड्रेस बघितला.

"सूनबाई, ह्ये काय आनी?"

"कराटे, आबा. मी शिकतीय."

"डोळ्याला दिसतंय का?"

"चष्मा आहे की."

"आगं, आमच्या भरतीत छातीच्या आधी डोळं बघत्यात. म्होरं कोन हाय त्ये कळंना, आन् हात उचलायचा कशाला? येखाद्या दिवशी भलत्यालाच हानशील."

आमचे विलासराव, म्हणजे माझा नवरा, मध्ये पडतील असं मला वाटलं होतं. ते आम्हा दोघांच्या बरोब्बर मध्ये बसून शेंगा खात राहिले.

आठवडाभर धुसफूस झाल्यावर तह झाला. माझी हिरव्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली होती. पास झाले तर आबा पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. नापास झाले तर क्लास बंद, आणि संध्याकाळी पाचला मी घरात.

परीक्षा नेमकी उंब्रजला. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या पोरांना ते मध्ये पडतं, म्हणून तिथलं मंगल कार्यालय घेतलं होतं. "माझ्याच गावात? मग म्या येनार," आबा म्हणाले. आणि त्याच आठवड्यात सरांनी सांगितलं की लढतीच्या वेळी चष्मा चालत नाही, काच फुटली तर डोळ्यात जाते. "तुमचा काय, अडीचच तर आहे," ते म्हणाले. "काढायचा."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. आता खरं सांगावं तर परीक्षेला बसू देतील का, याची खात्री नाही.

तोडगा विलासरावांनी काढला. लढतीत एका बाजूला निळं हेल्मेट असतं, एका बाजूला लाल. मला निळं मिळणार होतं. "तू माणूस बघूच नकोस," ते म्हणाले. "रंग बघ. लाल दिसलं की लाथ." आणि सरावासाठी ते सलग सहा दिवस गच्चीवर डोक्यावर लाल बादली घालून उभे राहिले. शिंदेकाकूंनी पहिल्या दिवशी वाकून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मला हुशारी सुचली.

आबांचा राग कशानं जातो ते मला पक्कं ठाऊक. सत्कारानं. शाल, नारळ आणि फेटा मिळाला की आबा महिनाभर कुणावर ओरडत नाहीत. मी गुपचूप सरांना म्हणाले, "सर, आमचे सासरे माजी सुभेदार, गावातलेच आहेत. परीक्षेच्या आधी त्यांचा छोटासा सत्कार केला तर?" सर लगेच तयार. फेटा मी आणते म्हटलं. सांगलीच्या दुकानात माणसानं भगवा काढला, गुलाबी काढला, हिरवा काढला.

"लाल नाही का?" मी विचारलं. "चांगला भडक द्या. लांबून ओळखू आला पाहिजे."

आता बघा हं. आमच्याकडं सत्तरी ओलांडलेला माणूस पांढरा सदरा आणि पांढरी विजार सोडून दुसरं काही घालत नाही. कराटेवालेही सगळे पांढऱ्यात. पुढं काय होणार ते तुम्हाला दिसायला लागलं ना? मला नाही दिसलं. मला कुठं काय दिसतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. सत्कार झाला. आबांच्या डोक्यावर लालभडक फेटा चढला आणि चेहरा असा खुलला, की मला वाटलं अर्धी परीक्षा इथंच पास झाले. मॅटच्या कडेला पहिल्या खुर्चीवर ते ताठ बसले. मी चष्मा काढून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत माझ्या पिशवीवर ठेवला, निळं हेल्मेट चढवलं आणि मॅटवर गेले.

समोर साताऱ्याची एक कॉलेजची पोरगी होती. म्हणजे असं मला सांगण्यात आलं होतं. मला दिसत होतं ते खाली पांढरं, वर लाल. पण काय सांगू, जमत होतं हो. लाल पुढं आलं की मी मागं, लाल थांबलं की मी पुढं. एक लाथ तर तिच्या पोटावर अशी बसली की पंच म्हणून सरांनी गुण दिला. अजून एक बसली की हिरवा पट्टा माझा. माझा तास माझा.

तेवढ्यात त्या पोरीच्या हेल्मेटचा पट्टा सुटला. सरांनी हात वर करून लढत थांबवली आणि ती कडेला जाऊन पट्टा बांधून घ्यायला लागली. सगळ्यांनी हे बघितलं. माझे कान हेल्मेटमध्ये, वर कार्यालयाचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घरघरत होते, आणि सरांचा हात मला दिसायचा तर तो माझ्या नाकाला लागायला हवा होता.

आबांनी काय बघितलं? सूनबाई मॅटच्या मधोमध एकटीच डोळे बारीक करून उभी आहे, आणि तिचा चष्मा इथं पिशवीवर राहिलाय. बिचारी विसरली, असं त्यांना वाटलं. नियम त्यांना कुणी सांगितला होता? ते उठले, चपला काढल्या, चष्मा घेतला आणि हात पुढं करून माझ्याकडं निघाले. "सूनबाई, चष्मा घे," असंही म्हणाले म्हणे.

मला दिसलं ते एवढंच. खाली पांढरं. वर लाल. आणि एक हात सरळ माझ्या तोंडावर येतोय.

तुम्ही काय केलं असतं?

मी सहा दिवसांचा सराव सगळा त्या लाथेत घातला. ओरडलेसुद्धा. लाथ बसली, आणि पुढच्या क्षणी माझा पाय कुणीतरी पकडला, पिळला, आणि मी पाठीवर. आबा तरण्याबांड वयात आखाड्यात होते हे लग्नाच्या बैठकीत मला सांगितलं होतं. मी तेव्हा ते लग्नाच्या बैठकीतलं बोलणं म्हणून सोडून दिलं होतं. पडता पडता माझ्या मनात काय आलं सांगू? ही पोरगी मघापासून नाटक करत होती, ही तर पैलवान आहे.

पाठीखाली कर्रकन् वाजलं. तो माझा चष्मा.

मग वरून आवाज आला. "आगं, मी हाय मी."

परीक्षा गेली, तास गेला, आणि सासऱ्याला लाथ मारणारी सून म्हणून उंब्रजपासून साताऱ्यापर्यंत माझं नाव झालं. मी धडपडत उठले. आबा कुठं आहेत? लाल शोधलं. समोरून लाल माझ्याकडंच येत होतं. मी धावत जाऊन पायच धरले.

"आबा, चुकलं माझं. माझा नंबर अडीच नाही, साडेआठ आहे. मी सरांशी खोटं बोलले. सत्कारसुद्धा मीच सांगून घडवला, तुमचा राग जावा म्हणून. फेटा मीच आणला. पण क्लास बंद करू नका, आबा. दिवसभरात मला तेवढाच एक तास आहे. बाकी सगळा तुमचाच आहे." आणि मी रडले. खोटं नाही, हमसून रडले.

रडता रडता डोकं पायावर टेकवलं. आता इतक्या जवळचं मात्र मला स्वच्छ दिसतं.

आबांच्या नखांना जांभळं नेलपॉलिश होतं.

"काकू," वरून ती पोरगी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "आबा मागं आहेत. त्यांचा फेटा सुटलाय."

मागं वळले. पांढऱ्यावर पांढरं असं काहीतरी मॅटवर बसलं होतं, ते आबा. सुटलेला फेटा मांडीवर गोळा करून घेत होते. लागलं नव्हतं त्यांना, पोटानं राखलं.

"सत्कार तू करवलास व्हय?"

"व्हय, आबा." माझी भाषासुद्धा खाली उतरली.

"मला वाटलं गावाला याद झाली माझी."

ते ऐकून मला लाथेपेक्षा जास्त लाज वाटली. तेवढ्यात आबाच खुदकन हसले, आणि मग पोट धरून हसायला लागले. धरण्याचं कारण दुसरंही असेल.

"आवं चौगुले सर," ते म्हणाले, "लाथ बरुबर बसली का न्हाई?"

"लाथ उत्तम होती, आबा. माणूस चुकला."

"मानूस घरचाच हाय. आमाला चालतंय. द्या की पट्टा."

सरांनी दिला नाही. मुंगी जपणारा माणूस नियम कसा मोडेल? मी नापास. गाडीत आबा पुढं बसले, मी मागं. तह म्हणजे तह, क्लास गेला असं मी धरूनच चालले होते. कराड ओलांडल्यावर आबा बोलले.

"क्लास बंद न्हाई करायचा. न दिसता अशी लाथ मारतीस, त्ये वाया घालवायचं व्हय? पन तुला येकटीला सोडनार न्हाई. डोळं माझं, लाथ तुझी."

बोलले ते त्यांनी केलं. सरांनी मला रबराचा, न फुटणारा खेळाचा चष्मा घ्यायला लावला, आणि पुढच्या परीक्षेत मी हिरवा पट्टा मिळवला. आबा आता कुपवाडला असले की रोज पाचला माझ्या स्कूटीवर मागं बसून क्लासला येतात आणि कडेला खुर्ची टाकून बसतात. "उजवीकडनं आली बघ. वाक. आता हान." सरांपेक्षा त्यांचाच आवाज जास्त.

परवा तर कहर झाला. पंधरा जणी ओळीत उभ्या, हॉलमध्ये अगदी शांतता, सर बारकाईनं बघतायत. मी काच पुसायला चष्मा काढला होता तो तसाच राहिला होता. ठोसा मारायला हात पुढं केला, आणि कडेनं आवाज आला.

"सूनबाई, माझी तंबाखूची पिशवी कुठं ठिवलीस?"

आणि मी, हिरव्या पट्ट्याची बाई, ठोसा तसाच हवेत ठेवून म्हणाले, "सदऱ्याच्या आतल्या खिशात, आबा. डाव्या."

पिशवी तिथंच होती. सरांनी वीस जोर काढायला लावले, मला.