पोचभाऊंचा मेल सर्व्हर

३ एप्रिल. ऑफिसचे मेल सांभाळणाऱ्या कंपनीचं वर्षाचं बिल आलं, अठ्ठेचाळीस हजार सहाशे साठ. मालकांनी ते माझ्या टेबलावर टाकलं आणि यात काटकसर शोधा म्हणाले. मी हिशेबनीस. शोधली, आणि आवक-जावक पाहणाऱ्या कारकुनांना गाठलं.

त्यांना सगळे पोचभाऊ म्हणत. तीस वर्षांत त्यांनी पोचपावतीवर सही घेतल्याशिवाय एक पाकीट हातावेगळं केलं नव्हतं. बायकोने चहा दिला तरी सही करूनच पितात, अशी थट्टा चाले. संगणक ते स्वतःच्या हौसेने शिकले होते. अडगळीतला एक जुना संगणक पुसून त्यांनी जिन्याखाली मांडला, सहा रविवार त्याच्यापुढे बसले आणि ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. बचतीच्या टिपणावर सही माझी होती. मालकांनी पाठ थोपटली तीही माझीच.

पोचभाऊ पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. सर्व्हर नीट चालला तर दोन वर्षं मुदतवाढ, असं मालक बोलून गेले होते. धाकट्या मुलीचं शिक्षण त्या दोन वर्षांवर टांगलेलं होतं.

जूनमध्ये सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला वर्षाचं दरपत्रक पाठवायचं होतं. मुदत दहा तारखेची. पोचभाऊंनी आठलाच पाठवलं. समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारल्याची ओळ नोंदीत उमटली. ती त्यांनी छापली, रजिस्टरला टाचली आणि रकान्यात लिहिलं, पोच मिळाली. एक फोन करून खात्री करावी, असं मी सुचवलं.

“पोच हातात असताना फोन करायचा,” ते म्हणाले, “तर तीस वर्षं मी काय केलं?”

पत्र घेतलं गेलं होतं, हे खरं. पण पाठवणारा सर्व्हर नवा, अनोळखी, म्हणून तिकडच्या यंत्राने ते नको असलेल्या मेलच्या ढिगात टाकलं. दारावरच्या पहारेकऱ्याने सही द्यावी आणि पाकीट केराच्या टोपलीत टाकावं, तसं. गिऱ्हाइकाला ते चौदा तारखेला सापडलं. तोवर काम दुसऱ्याला गेलं होतं.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते विचारलं. पोचभाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

“तांत्रिक बाजू यांची,” मी म्हणालो. “मी फक्त आकडे पाहिले.”

बाहेर आल्यावर जिन्यात पोचभाऊ एवढंच म्हणाले, “आकडे बरोबर होते तुमचे.”

मुदतवाढ गेलीच, महिनाअखेर नोकरीही गेली. आम्ही पुन्हा जुन्याच मेल कंपनीकडे वळलो. सेवामुक्तीचं पत्र मीच टाइप केलं. पोचभाऊंनी ते उभ्यानेच वाचलं आणि माझ्या प्रतीवर तारीख, वेळ घालून सही केली.

सर्व्हर सुरू करताना आमच्या कंपनीच्या नावाच्या डोमेनची वर्षाची फी त्यांनी आपल्या खिशातून भरली होती. व्हाउचर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. एक हजार एकशे ऐंशी. अजून द्यायचे आहेत.