जिवंत माणसाची शीर

रेश्मा मॅडमना ते कॉलेज का सोडवत नाही, यावर नगरात ज्याला त्याला मत होतं. पारनेर रस्त्यावरचं खासगी नर्सिंग कॉलेज, पगार बेताचा, तोही कधी वेळेवर नाही. बरोबरीच्या मैत्रिणी केव्हाच सरकारी दवाखान्यात लागल्या. संस्थाचालक भाषणात म्हणायचे, ‘‘याला म्हणतात निष्ठा!’’ डोंबलाची निष्ठा! बाईंना भीती वाटायची, दुसरं काही नाही.

मुलींना सलाईन लावायला शिकवायच्या त्या रबराच्या हातावर. रबराचा हात ओरडत नाही, सुजत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्याची शीर चुकली, तो कळवळून ओरडला, तेव्हापासून मॅडमनी जिवंत माणसाला सुई लावली नव्हती. कॉलेजला जोडलेल्या दवाखान्याच्या वॉर्डात कायम सिस्टरला पुढं करायच्या. सरकारी नोकरीत हे चाललं नसतं. इथं झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता नवऱ्याच्या, गोरक्षनाथच्या हट्टापायी दिलेल्या परीक्षेत त्या पास झाल्या होत्या. सोमवारी सरकारी रुग्णालयात हजर व्हायचं होतं. जाणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

शुक्रवारी मुलींना घेऊन त्या वॉर्डात गेल्या. काष्टीच्या रंगुबाई जुलाबांनी गळून गेल्या होत्या. सलाईन लावताना मुलींपैकी निकिताची सुई हुकली.

‘‘मॅडम, तुम्ही लावा ना.’’

‘‘सिस्टरला बोलाव,’’ म्हणत मॅडम तडक बाहेर, जिन्यापाशी आल्या. निकिता मागोमाग.

‘‘सिस्टर ऑपरेशनला गेल्यात. मॅडम, मी बी तुमच्यासारखी टीचरच होनार. मला पेशंटची लई भीती वाटती. तुमाला बी वाटती ना?’’

शिकवलं काय आपण या पोरीला? पळायला?

‘‘व्हय, वाटती,’’ त्या म्हणाल्या, आणि तिचा हात धरून परत फिरल्या.

दंडाला पट्टा बांधताना मॅडमची बोटं लटलट कापत होती. रंगुबाई म्हणाल्या, ‘‘बाई, हात माजा हाय, अन् कापताय तुमी?’’

‘‘भीती वाटते, आजी.’’

‘‘मंग दमानं घ्या. पर लावा.’’

डोळे गच्च मिटावेसे वाटले. पण निकिता टक लावून बघत होती. मॅडमनी सुई टोचली. सुईत रक्त दिसलं, शीर सापडली. सलाईनचा पहिला थेंब पडला तेव्हा त्या कॉटच्या कडेला टेकल्या.

‘‘सोमवारपासून मी इथं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढच्या पेशंटला तू लावायचं.’’

निकिताचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमचा तर आधीपासूनच होता.