खालच्या पट्टीतला आवाज

बाईंना कमी ऐकू येतंय हे सगळ्यात आधी कळलं त्यांच्या नवऱ्याला आणि सगळ्यात शेवटी मान्य केलं खुद्द बाईंनी. तो स्वयंपाकघरातून ओरडायचा, "तेल संपलंय!" आणि बाई बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, "कशाची वेळ संपली?" सुरुवातीला दोघंही पोट धरून हसले. मग नुसता तोच हसायचा. मग त्यानंही हसणं सोडलं आणि बाईंना जवळजवळ ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

"वरचे आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाली. "बारीक, पातळ, लांबून येणारे. खालचे अजून चांगले शाबूत आहेत."

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्यानं खांदे उडवले असते. पण बाईंचा सगळा जन्म गाण्यात गेलेला. शाळेत त्यांनी इतकी वर्षं गाणं शिकवलं होतं की गावात कुठंही जा, त्यांच्या वर्गात बसलेलं कुणीतरी भेटायचंच. बसचा ड्रायव्हर आरशात बघून विचारायचा, "बाई, पोरांना अजून खिडकीकडे तोंड करून गायला लावता का?" नोकरी सुटल्यावर त्यांनी दुसरं काम धरलं. गावातल्या नाट्यगृहात दरवर्षी मुलांचं संगीत नाटक व्हायचं. ते बसवायचा त्यांचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. चाली, पियानो आणि मुलं निवडणं हे मात्र मावशीचं खातं. त्यात भाचा कधी नाक खुपसत नसे.

डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलं. घरात ते ठीक होतं. पण ते लावून बाई पियानोवर बसल्या, तर पत्र्याच्या डब्यात कुणी चमचे ओतल्यासारखा आवाज आला. त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं, आणि निवड चाचणीच्या दिवशी तशाच नाट्यगृहात गेल्या. भाच्याला काही सांगितलं नाही. सांगायचं काय? आणि कुठल्या तोंडानं?

बाहेर मुलांची ही झुंबड! कुणी पुटपुटत पाठ करतंय, कुणाची आई शेवटची वेणी घालतेय, कुणी बाबांच्या पॅंटला घट्ट धरून बसलंय. यंदाचं नाटक होतं नदीवरच्या एका नावाड्याच्या मुलीचं. बाप आजारी पडतो आणि ती एकटी नाव हाकायला घेते. मुख्य भूमिका मुलीची, त्यामुळे गावातल्या सगळ्या मुलींच्या डोळ्यांत तीच नाव.

पद्धत दरवर्षीचीच. बाई आणि भाचा तिसऱ्या रांगेत बसायचे आणि एकेक मूल मोकळ्या रंगमंचावर येऊन गायचं. पहिली काही मुलं दणदणीत गायली. मग एक इवलीशी मुलगी आली, दोन्ही हातांनी फ्रॉक धरून उभी राहिली. बाई वाट बघत राहिल्या. मुलीचे ओठ हलत होते, पण घाबरलेल्या मुलांचे हलतातच. शेवटी बाई मायेनं म्हणाल्या, "घाबरू नको गं सोन्या. कर सुरू."

मुलीनं भोकाड पसरलं. तिची दोन कडवी गाऊन झाली होती.

तिची आई धावत रंगमंचावर गेली. मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. भाच्यानं मान वळवून मावशीकडे पाहिलं, आणि बाईंना वाटलं, धरणीनं आपल्याला पोटात घेतलं तर बरं.

मधल्या सुट्टीत तो त्यांना मेकअपच्या खोलीत घेऊन गेला, दार लावलं.

"मावशी, तुला ऐकू येत नाहीये."

"येतंय की. कमी येतंय."

"कधीपासून?"

"तू ओरडतोयस ते मात्र छान ऐकू येतंय."

तो ओशाळला. खुर्ची ओढून समोर बसला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. त्यातलं निम्मं बाईंना त्याच्या ओठांवरून कळलं. गाण्याला दुसरं कुणीतरी बघू. तू चाली लाव, बाकीची दगदग कशाला. बोलताना तो त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हता. हाच पोरगा लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून पियानोच्या पट्ट्या बडवायचा. त्याचं चुकलंय असंही त्यांना म्हणता येईना, आणि गप्प बसणंही जमेना.

"मला उद्याचा दिवस दे," त्या म्हणाल्या. "उद्या जमलं नाही तर माझी मी उठून जाईन. तुला सांगावंही लागणार नाही."

घरी आल्या त्या थेट पलंगावर आडव्या झाल्या. नवरा चहा घेऊन आला, बाजूला बसला. सगळं ऐकून घेतलं.

"त्या पोरीला मी रडवली," बाई म्हणाल्या. "गायली बिचारी, आणि मी म्हणते, कर सुरू."

"मग लांब कशाला बसतेस?"

"म्हणजे?"

"माझ्याशी बोलताना मला कसं सांगतेस, खुर्ची जवळ घे, तोंड इकडे कर, भिंतीशी बोलू नको. मला रोज झापतेस. त्या पोरांना तेवढं सांगायला काय झालं?"

बाई उठून बसल्या. नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तू इतका हुशार कधी झालास?"

"आधीपासून होतो. तुला ऐकू येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बाई सगळ्यांच्या आधी नाट्यगृहात पोचल्या. नेपथ्याच्या माणसाला हाताशी धरून त्यांनी पियानो रंगमंचाच्या मधोमध आणवला आणि त्याच्या भोवती गोल करून खुर्च्या, स्टुलं, जुन्या नाटकातली दोन पिंपं, हाताला लागेल ते मांडलं. मुलं आली तशी त्यांना वर बोलावलं. पालकांना खाली बसवलं. मग त्या गोलाच्या मध्ये उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत होता.

"हे बघा रे. माझे कान म्हातारे झालेत. बारीक आवाज त्यांना सापडत नाहीत. काल एक मुलगी फार छान गायली आणि मला कळलंच नाही. चूक माझी होती. म्हणून आज तुम्ही माझ्याजवळ बसून गायचं. नाही ऐकू आलं तर मी असा हात वर करीन, मग पुन्हा गायचं. लाजायचं नाही. मीही लाजणार नाही."

मग पिंपावर बसलेल्या एका पोरानं हात वर केला. "माझ्या आजोबांना पण ऐकू येत नाही. ते टीव्हीला शिव्या देतात."

हशा पिकला. बाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या.

कालच्या इवल्या मुलीला त्यांनी सगळ्यांत आधी बोलावलं. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काल माझं चुकलं. आता माझ्या कानात गा." मुलगी आधी आईकडे बघत होती, मग पायाच्या अंगठ्याकडे, मग बाईंच्या कानाला तोंड लावून ती गायली. आवाज धाग्यासारखा, पण कुठं तुटला नाही. बाईंनी तिला तिथल्या तिथं समूहगानात घेतलं.

आणि मग गंमत झाली. दरवर्षी रंगमंचावर एकटं उभं राहिलं की ज्यांची पाचावर धारण बसायची, ती पोरं गोलात बसून मोकळेपणी गायला लागली. एकाचं गाणं संपेपर्यंत दुसऱ्याला राहवेना. एकीनं सूर धरला की शेजारची हळूच तिच्यात मिसळायची. खाली बसलेला भाचा वर आला आणि गोलाच्या कडेला मांडी घालून बसला.

शेवटी शेवटी राहिली एक मुलगी. तिला सगळे घुमी म्हणायचे, कारण ती बोलायचीच नाही. वडील प्लंबर. हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून ते पहिल्या रांगेत बसले होते. मुलगी आधीच्या तीन वर्षांत तीन वेळा येऊन गेली होती, तिन्ही वेळा पहिल्या ओळीलाच थांबली होती.

"काय गाणार?" बाईंनी विचारलं.

"जमेल ते," घुमी म्हणाली.

तिनं तोंड उघडलं आणि बाई ताठ झाल्या. आवाज खालचा होता. मुलीच्या वयाला न शोभणारा, जाड, उबदार, जमिनीतून वर आल्यासारखा. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बाईंना एखादं गाणं सबंध ऐकू आलं. एकेक अक्षर, एकेक श्वास. त्यांनी हात वर केला नाही, मान हलवली नाही. पियानोवर बोटं ठेवायचं भान राहिलं नाही.

खालून प्लंबर ओशाळून म्हणाला, "आवाज बापाचा घेतलाय पोरीनं. शाळेत चिडवतात तिला."

"नाव हिची," बाई म्हणाल्या. "नावाड्याची मुलगी हीच."

भाच्यानं त्यांना विंगेत नेलं. यावेळी तो थेट डोळ्यांत बघून बोलला. "मावशी, राग मानू नको. पण हा आवाज चांगला आहे म्हणून निवडतेयस, की तुला तेवढाच ऐकू येतो म्हणून?"

प्रश्न वर्मी बसला. बसला, कारण बाईंना स्वतःलाही उत्तर माहीत नव्हतं.

"बरोबर विचारलंस," त्या म्हणाल्या. "मग मी नाही निवडत. तूही नको."

त्या परत रंगमंचावर आल्या आणि पालकांना नाट्यगृहाबाहेर थांबायला सांगितलं. घुमी आणि चांगल्या गायलेल्या आणखी दोघी सोडून बाकी सगळ्या मुलांना त्यांनी प्रेक्षागृहाच्या अगदी मागच्या रांगेत नेऊन भिंतीकडे तोंड करून बसवलं. "डोळे मिटा. आता मागून, रंगमंचावरून, या तिघीजणी गातील, एकेक करून. कोण ते बघायचं नाही. नदीच्या पलीकडून कुणी हाक मारतंय असं समजा. जिच्या हाकेला तुम्ही जाल, तिच्या वेळी हात वर करा." मग त्यांनी भाच्यालाही मुलांच्या शेजारी बसवलं, तोंड भिंतीकडे.

पहिली मुलगी गायली. गोड, स्वच्छ. काही हात वर गेले. दुसरीचा आवाज आणखी उंच, तिला त्याहून थोडे जास्त. घुमी रंगमंचावर आली तेव्हा बाईंना दिसलं, तिची मान खाली चाललीये. बाई धावत वर गेल्या, तिच्याजवळ उभ्या राहिल्या.

"कुणी बघत नाहीये," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची पाठ आहे. तू फक्त मला ऐकव."

घुमी बाईंकडे तोंड करून गायली. आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून सरकत मागच्या भिंतीपर्यंत गेला. कडवं संपायच्या आत हात वर जायला लागले. एक, मग चार, मग रांगच्या रांग. गाणं झाल्यावर मागे येऊन बसलेल्या, उंच आवाजाच्या त्या दोघींचेही. आणि त्या हातांच्या मधोमध एक मोठा, केसाळ हात होता. भाच्याचा.

डोळे उघडून तो वळला; आवाज कुणाचा हे त्यानं केव्हाच ओळखलं होतं, तरी हात वर गेला होता. मग तो मागच्या रांगेतून पार चालत आला, रंगमंचावर चढला आणि म्हणाला, "मावशी, सगळ्या चाली खालच्या पट्टीत घ्याव्या लागतील."

"घेईन की. हात चालतायत माझे."

पुढचे दोन महिने बाईंनी सगळी गाणी नव्यानं बांधली. तालमी गोल बसूनच झाल्या. बाईंना ऐकू आलं नाही की त्या हात करायच्या, आणि मुलंही आपसांत तसाच हात करायला लागली. कुणाचं वाक्य पडलं, कुणाला कळलं नाही, की हात वर. घरी जाऊन आईबापांनाही तसाच हात करायची. आयांनी बाईंकडे तक्रार केली, आणि बाईंनी ती अजिबात ऐकू आली नाही असं दाखवलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. पायऱ्यांवर लोक, दारात लोक. बसचा ड्रायव्हर गणवेशातच आला होता. नवरा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचीच परीक्षा असल्यासारखा घामेजलेला. पडदा वर गेला. निळ्या कापडाच्या नदीत लाकडी नाव, नावेत घुमी. तिनं वल्हं खाली ठेवलं, अंधाराकडे तोंड केलं आणि पलीकडच्या काठाला हाक मारली.

विंगेजवळ पियानोवर बसलेल्या बाईंना तिचा सूर लख्ख ऐकू आला. त्याच्यावरून बाकीच्या मुलांचा समूह उठला, तो त्यांना पुसट, लांबच्या दिव्यांसारखा. पण प्रत्येक चेहरा त्यांच्याकडे वळलेला होता, ओठ स्पष्ट, मोठे उघडलेले. एकही सूर त्यांच्या हातून निसटला नाही.

शेवटचं गाणं संपलं. प्लंबर सगळ्यांत आधी उभा राहिला, मग त्याची रांग, मग सगळं नाट्यगृह. मुलांनी बाईंना पियानोवरून ओढून रंगमंचाच्या मध्यावर आणलं. घुमीनं त्यांचा हात धरला होता. ती काहीतरी म्हणाली, पण टाळ्यांत ते हरवलं. बाईंनी हात वर केला.

घुमी चवड्यांवर उभी राहिली, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या जाड, भरदार आवाजात ओरडली, "बाई, पुढच्या वेळी मी खलनायिका होणार!"

"हो," बाई तितक्याच मोठ्यानं ओरडल्या. "आणि चांगली भीती वाटली पाहिजे लोकांना!"